कर्जाआधी ऑर्डर : मिलिंद कांबळे यांचा प्रवास आणि आपल्या उद्योजकांसाठी त्यातला धडा

दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्या शाळेत पालकांची रीघ लागते. अब्बा लोकांचा प्रश्न एकच असतो, "सर, पोराला नोकरी कुठे लागेल?" पण हाच प्रश्न विचारणाऱ्या अब्बांचं स्वतःचं गॅरेज असतं, बेकरी असते, वेल्डिंगचं दुकान असतं, नाहीतर शिवणकामाची दोन-चार मशीनं असतात. म्हणजे घरात धंदा आहे, हातात हुनर आहे, दोन-तीन पोरांना रोजीही दिलेली आहे. तरी मुलाने यात येऊ नये असंच त्यांना वाटतं. कारण विचारलं तर उत्तर मिळतं, "यात काही राम नाही. गल्लीतलं गिऱ्हाईक, तेही उधारीवर."

आमच्या मते दुखणं नेमकं इथेच आहे. आपल्या समाजात धंदा करणारे कमी नाहीत. २००६ साली न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल आला. देशातल्या काम करणाऱ्या मुस्लिमांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगारात आहेत, असं त्यात नोंदवलेलं आहे. हिंदूंमध्ये हेच प्रमाण सुमारे ५५ टक्के होतं. तेव्हा कमी पडतं ते मोठं गिऱ्हाईक आणि त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट. ही वाट आपल्याच महाराष्ट्रात, आपल्याच शेजारच्या एका वंचित समाजासाठी एका माणसाने पाडून दाखवली. त्यांचं नाव मिलिंद कांबळे. त्यांच्या कामाची माहिती आपल्या घराघरांत असायला हवी, म्हणून हा लेख.

कोण आहेत मिलिंद कांबळे?

मिलिंद कांबळे यांचा जन्म १९६७ चा, लातूर जिल्ह्यातल्या चोबळी गावचा. नांदेडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीचा डिप्लोमा केला. इंजिनिअरिंगची डिग्री नाही, डिप्लोमा. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण डिप्लोमा म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडलं जातं. पुढे ते पुण्याला आले, बांधकामाच्या क्षेत्रात अनुभव घेतला, छोटी कंत्राटं घेत घेत स्वतःची फॉर्च्यून कन्स्ट्रक्शन कंपनी उभी केली.

इथवरची गोष्ट कुठल्याही यशस्वी ठेकेदाराची असू शकते. वेगळेपण पुढे आहे. आपला धंदा बसल्यावर त्यांनी आजूबाजूला पाहिलं. दलित समाजात उद्योजक होते, पण विखुरलेले होते. कुणी कारखान्याला सुटे भाग पुरवत होता, कुणी छपाई करत होता, कुणी केमिकलचा धंदा करत होता. एकाला दुसऱ्याची खबर नव्हती, मोठ्या कंपन्यांना तर कुणाचीच नव्हती. २००५ साली कांबळे यांनी पुण्यात 'दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री' ही संस्था सुरू केली. तिला सगळे 'डिक्की' म्हणतात. नोकरी मागणारे नव्हे, नोकरी देणारे व्हा, हे या संस्थेचं ब्रीद.

२०१३ साली केंद्र सरकारने कांबळे यांना पद्मश्री दिली. त्याच वर्षी अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या आणि बंद पडलेली कमानी ट्यूब्ज कंपनी पुन्हा चालू करणाऱ्या कल्पना सरोज यांनाही पद्मश्री मिळाली. सांगली जिल्ह्यातल्या पेड गावचे अशोक खाडे यांचंही नाव याच मालिकेत घेतलं जातं. माझगाव डॉकमध्ये नोकरी करता करता शिकलेल्या या माणसाने भावांना सोबत घेऊन दास ऑफशोअर ही समुद्रातल्या तेल-प्लॅटफॉर्मची कामं करणारी कंपनी उभारली.

डिक्कीने नेमकं काय केलं?

आपल्याकडे 'समाजाची संस्था' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? सत्कार, शाल-श्रीफळ, वह्यावाटप, फार तर सामुदायिक विवाह. या गोष्टी वाईट नाहीत. पण डिक्कीचं काम वेगळ्या जातीचं आहे. ते चार पायऱ्यांत सांगता येईल.

पहिली पायरी यादीची. कोण उद्योजक आहे, काय बनवतो, किती बनवू शकतो, कागदपत्रं कोणती आहेत, याची नोंद करायची. "आमच्यात पण मोठे लोक आहेत" असं नुसतं म्हणून कंपनीचा खरेदी अधिकारी ऐकत नाही. त्याला नाव, माल, क्षमता आणि दर लागतो.

दुसरी पायरी भेटीची. २०१० साली पुण्यात आणि २०११ च्या डिसेंबरात मुंबईत दलित उद्योजकांच्या मालाची प्रदर्शनं भरली. विकणारा आणि मोठा खरेदीदार एका मांडवाखाली आले.

तिसरी पायरी धोरणाची, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. केंद्र सरकारचं सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीचं सार्वजनिक खरेदी धोरण १ एप्रिल २०१२ पासून लागू झालं. केंद्राची मंत्रालयं, खाती आणि सरकारी कंपन्या वर्षभरात जी खरेदी करतात, तिच्यातला २० टक्के माल सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा असं त्यात ठरलं. या २० टक्क्यांत ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून करायची अशीही तरतूद झाली. अशा तरतुदीची मागणी लावून धरणाऱ्यांत कांबळे आणि त्यांचे मार्गदर्शक, विचारवंत चंद्रभान प्रसाद, आघाडीवर होते.

चौथी पायरी भांडवलाची. २०१३ साली डिक्कीच्या पुढाकाराने दलित उद्योजकांत गुंतवणूक करणारा निधी उभा राहिला. त्याचं उद्दिष्ट ५०० कोटींचं ठेवलं होतं आणि सिडबी ही सरकारी बँक त्यात सहभागी होती.

हा क्रम नीट पाहा. कर्ज आणि भांडवल शेवटी आलं. आधी यादी, मग भेट, मग ऑर्डरची हमी. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. कर्जाचा फॉर्म आधी भरतात, माल कुणाला विकायचा ते नंतर पाहतात.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेत १९६९ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एका आदेशाने अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय सुरू केलं. १९७२ मध्ये तिथल्या मोठ्या कंपन्यांनी अल्पसंख्याक पुरवठादारांना जोडून घेणारी परिषद काढली. १९७७ च्या एका कायद्याने सरकारी बांधकामांच्या निधीतला १० टक्के हिस्सा अशा उद्योगांसाठी राखला गेला. कृष्णवर्णीयांना नुसती नोकरी देऊन भागत नाही, त्यांच्याकडून मालही विकत घ्यायला हवा, हा त्यामागचा विचार होता.

आपल्या देशात हा विचार ठळकपणे मांडला गेला तो २००२ च्या जानेवारीत भोपाळला झालेल्या परिषदेत. दिग्विजय सिंह तेव्हा मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री होते. चंद्रभान प्रसाद त्या परिषदेतले एक प्रमुख माणूस होते. डिक्की त्यानंतर तीन वर्षांनी आली.

दुसरी बाजू

कौतुक करताना दुसरी बाजू लपवणं शिक्षकाला शोभत नाही. दलित भांडवलशाहीच्या या विचारावर दलित समाजातूनच टीका झाली आहे. आनंद तेलतुंबडे यांच्यासारख्या अभ्यासकांचं म्हणणं असं की, मूठभर कोट्यधीश तयार झाल्याने भूमिहीन मजुराचं आयुष्य बदलत नाही. या मुद्द्यात तथ्य आहे.

दुसरं म्हणजे कागदावरची टक्केवारी आपोआप प्रत्यक्षात येत नाही. ४ टक्क्यांचं उद्दिष्ट २०१२ साली ठरलं, पण पुढची अनेक वर्षं अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून झालेली खरेदी १ टक्क्याच्याही खाली राहिली. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारला यासाठी राष्ट्रीय एससी-एसटी हब नावाची वेगळी यंत्रणा काढावी लागली. हक्क मिळाला तरी तो घ्यायला तयार असलेले, कागदपत्रं पुरी असलेले उद्योजक लागतात. ते घडवायला वेळ जातो.

मग आपल्याला यातलं काय लागू आहे?

आधी स्पष्ट सांगतो, ते ४ टक्के आपल्यासाठी नाहीत. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश आज हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच लागू आहे. पण एवढं ऐकून हातपाय गाळायचं कारण नाही. बऱ्याच गोष्टी आपल्याला आजही खुल्या आहेत आणि त्यांची माहिती आपल्या मोहल्ल्यांत फार थोड्यांना आहे.

*खरेदी धोरणाचा मोठा हिस्सा.* २०१८ मध्ये ते २० टक्के वाढवून २५ टक्के केले गेले. यात जात-धर्म नाही. उद्योग सूक्ष्म किंवा लघु असला आणि त्याची नोंदणी असली की झालं. अशा उद्योगाला टेंडरचा फॉर्म फुकट मिळतो आणि अनामत रक्कम भरावी लागत नाही. सगळ्यात कमी दर एखाद्या मोठ्या कंपनीचा असला आणि तुमचा दर त्याहून १५ टक्क्यांपर्यंतच जास्त असला, तर तो कमी दर मान्य करून ऑर्डरचा एक हिस्सा तुम्ही घेऊ शकता. शिवाय ३५८ वस्तू अशा आहेत की त्या फक्त सूक्ष्म व लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या. त्यात बूट आहेत, झाडू आहेत, बादल्या आहेत, लोखंडी पेट्या आणि स्टीलची कपाटं आहेत. आपल्या कारागिरांच्या हातातलीच कामं आहेत ही. एक लक्षात ठेवा, हा फायदा माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला नाही.

*महिलांचे ३ टक्के.* २०१८ च्याच बदलात महिलांच्या मालकीच्या उद्योगांकडून ३ टक्के खरेदी करण्याचं ठरलं. इथे कुठल्याही धर्माची अट नाही. आपल्या किती घरांत शिवणकाम, भरतकाम, पापड-मसाले, बेकरीचा माल बायकाच करतात, पण दुकानाच्या कागदावर नाव मात्र शौहरचं किंवा भावाचं! जो धंदा खरोखर मुलगी किंवा बहीण चालवते, तो तिच्याच नावावर नोंदवा. हे कुणाला नवीन किंवा परकं वाटत असेल तर आठवण करून देतो, हजरत खदीजा (रजि.) यांचा स्वतःचा व्यापार होता. पण फक्त फायद्यासाठी बाईचं नाव लावून मागून पुरुषाने धंदा चालवणं ही फसवणूक आहे. तसं करू नका.

*पीएमईजीपी.* पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अल्पसंख्याक हे 'विशेष प्रवर्गात' येतात. नवा उद्योग टाकायचा असेल तर शहरात प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान मिळतं. स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात. उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंत आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. उत्पादनात १० लाखांच्या वर आणि सेवेत ५ लाखांच्या वर जायचं असेल तर आठवी पास असावं लागतं. विडी-तंबाखू आणि मांसप्रक्रियेचे उद्योग यात बसत नाहीत, हे संगमनेरच्या विडीवाल्यांनी आणि खाटीक बिरादरीने आधीच जाणून घ्यावं. अर्ज जिल्हा उद्योग केंद्र किंवा खादी ग्रामोद्योगमार्फत होतो. योजनेची सध्याची मंजुरी २०२५-२६ पर्यंतची होती, तेव्हा अर्जाआधी चालू नियम जरूर विचारा.

*अल्पसंख्याकांची महामंडळं.* १९९४ साली राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ स्थापन झालं. आपल्या राज्यात २००० साली मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आलं. इथे शिक्षणासाठी आणि धंद्यासाठी कर्ज मिळतं.

व्याजाचा प्रश्न अनेक घरांत येतो आणि तो खरा आहे. ज्याला व्याजाच्या कर्जापासून दूर राहायचं आहे त्याने आपल्या भरवशाच्या आलिमांशी बोलावं. पण उद्योगाची नोंदणी, सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नाव, टेंडरमधली सवलत, यांतल्या एकाही गोष्टीला कर्ज काढावं लागत नाही. "आम्हाला व्याज नको म्हणून आम्ही सरकारी योजनेत नाही" असं सांगणारे आम्हाला भेटतात. त्यांनी योजना आणि कर्ज या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात.

नगरमध्ये गिऱ्हाईक कोण?

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, हे लष्कराचं शहर आहे. भिंगारला छावणी आहे. रणगाडा दलाचं केंद्र इथे आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र इथे आहे आणि वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्थाही इथे आहे. केंद्राचं खरेदी धोरण ज्यांना लागू होतं अशी ही माणसं आपल्या घरापासून चार-पाच किलोमीटरवर बसलेली आहेत. मुकुंदनगरच्या किंवा कोठल्याच्या वर्कशॉपमध्ये बसून आपण म्हणतो, गिऱ्हाईक नाही! याशिवाय नागापूरची एमआयडीसी आहे, सुप्याची आहे, श्रीरामपूरची आहे. तिथल्या कारखान्यांना वेल्डिंग, फॅब्रिकेशन, लाकडी पेट्या, कामगारांचे गणवेश, कँटीनचं जेवण, गाड्यांची दुरुस्ती हे सगळं लागतंच.

लगेच मोठी ऑर्डर मिळेल असं आम्ही म्हणत नाही. लष्कराला लागणाऱ्या मालाची तपासणी कडक असते, वेळेची शिस्त असते. पण सुरुवात झाडू-बादलीपासून, गणवेशापासून, फर्निचरच्या दुरुस्तीपासून होऊ शकते. कांबळे यांनीही सुरुवात छोट्या कंत्राटांपासूनच केली.

पहिली पावलं

१. उद्यम नोंदणी करा. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते आणि ती पूर्ण मोफत आहे. आमच्या ओळखीच्या एका पालकाकडून एका एजंटने याच कामाचे अडीच हजार रुपये घेतले. घरातल्या कॉलेजच्या मुलीने मोबाईलवर हे काम अर्ध्या तासात केलं असतं.

२. धंद्याचं चालू खातं वेगळं काढा. घरखर्च आणि धंद्याचा पैसा एकाच खिशात असला की नफा किती ते मालकालाही कळत नाही, बँकेला तर नाहीच.

३. बिल द्यायला शिका. आपल्याकडे चिठ्ठीवर हिशोब चालतो. मोठ्या गिऱ्हाइकाला पक्कं बिल लागतं, आणि जीएसटी लागू होत असेल तर त्याचा नंबर लागतो.

४. 'जेम' या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर विक्रेता म्हणून नाव घाला. हे पोर्टल २०१६ पासून चालू आहे. महिला उद्योजकांसाठी तिथे 'वुमनिया' हा वेगळा विभाग आहे.

५. पैसे अडकले तर गप्प बसू नका. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर चढ्या दराने व्याज देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. तक्रारीसाठी सरकारची ऑनलाइन व्यवस्था आहे. पण त्यासाठी माल देण्याआधी उद्यम नोंदणी झालेली असायला हवी.

यादी कोण करणार?

वरची पाच कामं ज्याची त्याने करायची आहेत. पण कांबळे यांनी केलेलं काम एकट्याने होत नाही. ती यादी कुणीतरी करावी लागते. नगर शहरात आणि तालुक्यांत आपले बागवान आहेत, तांबोळी आहेत, मोमीन आहेत, मण्यार आहेत, पिंजारी आहेत, शेख-सय्यद-पठाण आहेत. प्रत्येक बिरादरीची कमिटी आहे. लग्न-मयतीला सगळे धावून येतात. मात्र शहरात आपले फॅब्रिकेटर किती, त्यांतल्या किती जणांकडे उद्यम नोंदणी आहे, हे एकाही वहीत लिहिलेलं आमच्या पाहण्यात नाही.

हे काम अवघड नाही. जुम्म्याला मशिदीबाहेर दोन पदवीधर पोरं वही घेऊन बसली तर महिनाभरात एका मोहल्ल्याची यादी होईल. नाव, काय बनवता, महिन्याला किती बनवू शकता, नोंदणी आहे की नाही, एवढेच चार रकाने. ज्यांची नोंदणी नाही त्यांची तिथल्या तिथे करून द्यायची. मग ती यादी घेऊन जिल्हा उद्योग केंद्रात जायचं, एमआयडीसीतल्या कारखानदारांच्या संघटनेकडे जायचं. मागायला जायचं नाही, आमच्याकडे हा माल आहे आणि हा दर आहे, हे सांगायला जायचं. दलित समाजातले, इतर समाजांतले उद्योजक हे काम आधीपासून करतात. त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा कसला?

आमच्यापुरतं आम्ही ठरवलं आहे. येत्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांना एक प्रकल्प द्यायचा. आपल्या गल्लीत कोण काय बनवतं, त्याची वरच्या चार रकान्यांत नोंद करून आणायची. वडिलांच्या दुकानाचा रकाना मुलानेच भरायचा. तुमच्या गावात, तुमच्या मोहल्ल्यात असं काम कुणी सुरू केलं असेल तर आम्हाला जरूर कळवा, दोन्ही याद्या जोडून घेता येतील.